मधला भाग मोठा आहे

आमच्या घराण्यात चूक कबूल करायची पद्धतच नाही, आणि त्यात मी शिक्षिका. सव्वीस वर्षं चौथीला अपूर्णांक शिकवतेय. मला कोण काय सांगणार?

सोमवारी फळ्यावर गोल काढला, दोन उभ्या रेघा मारून तीन भाग केले, एक रंगवला आणि म्हटलं, "एक छेद तीन." दरवर्षी असंच काढते, पटकन होतं.

पहिल्या बाकावरची चिमणी उभी राहिली. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणतात.

"बाई, मधला भाग मोठा आहे."

"भाग किती झाले?"

"तीन. पण सारखे नाहीत."

तास संपत आला होता, पस्तीस पोरं माझ्याकडे बघत होती, आणि माझं डोकं फिरलं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मी म्हटलं. वर्ग खो खो हसला. ती तरी उभीच. मग तिला मागच्या बाकावर पाठवलं आणि तीच आकृती वहीत वीस वेळा काढायला लावली.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मुलांच्या हातात द्यायला पुठ्ठ्याचे गोल कापत बसले होते. तशाच दोन रेघांवर कात्री चालवली आणि तुकडे एकमेकांवर ठेवले. मधला चांगला दोन बोटं बाहेर आला. भाग सारखे नसतील तर तो अपूर्णांकच नाही, हे वाक्य दरवर्षी पहिल्या दिवशी मीच वहीत लिहून देते. माझ्याच्यानं डबा उघडवेना. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त भीती वाटली. त्या पोरीनं आता स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला तर तो परत कोण आणून देणार?

शुक्रवारी सगळ्यांसमोर माफी मागायची असं ठरवूनच गेले. पण वर्गात शिरले आणि जीभ रेटेना. म्हटलं, तिच्याच तोंडून माझी चूक निघू दे, म्हणजे नुसतं "शाबास" म्हणून मला सुटता येईल. कबुलीतही मी पळवाट शोधली.

"ये गं, गोलाचे तीन सारखे भाग करून दाखव."

तिनं खडू घेतला, गोल काढला आणि दोन उभ्या रेघा ओढल्या. माझ्यापेक्षा सरळ आल्या होत्या.

"मधला मोठा नाही वाटत?"

ती फळ्याकडे वळलीच नाही. माझा चेहरा निरखत राहिली.

"मोठा म्हणू का, बाई?"

तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "बाळा, चूक माझी होती. सोमवारी तुझंच बरोबर होतं."

"हो, बाई," ती म्हणाली, आणि कुणी न सांगता मागच्या बाकावर जाऊन बसली.