जाऊबाईंची तालीम

शूटिंगला सुट्टी होती, तरी त्या नटीची तालीम घरच्या बैठकीत चालली होती. शिकत होती तिची थोरली जाऊ.

"ताई, पोरीच्या तापाचं सांगताना हुंदका देऊ नका. आवाज नुसता बारीक करा. आणि बोलण्याआधी तिच्याकडे बघा. आई आधी बघते."

"मला मेलीला कसं जमायचं हे?" जाऊ उशीचा कोपरा चिवडत म्हणाली.

नवरा गेल्यापासून धाकटीने सिनेमात आणि मालिकांत आयाच उभ्या केल्या होत्या. गरीब आई, खाष्ट आई, मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली आई. सगळं घर त्याच कामावर चालत होतं, थोरल्या दिराची औषधंसुद्धा. पण चारचौघांत त्या कामाचं नाव काढायचं नाही, हा घरचा शिरस्ता. आज लेकीला मागणी घालायला पाहुणे येणार म्हटल्यावर दिराने फर्मान सोडलं, "नटीची मुलगी म्हटलं की दारातूनच मागे फिरतील. तू आत बस, आई म्हणून हिला बसवू." लेक बोलू लागली, तर तिला आईनेच गप्प केलं. पोरीचं भलं व्हावं, एवढंच तिच्या मनात होतं.

पाहुणे आले आणि जाऊबाईंनी कमालच केली. आधी मुलीकडे पाहिलं, आवाज बारीक केला, तापाने फणफणलेल्या पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्याचं सांगितलं. मुलाच्या आईने डोळे टिपले. "आई असावी तर अशी," त्या म्हणाल्या. शिकवलेलं इतकं छान वठलं याचं दाराआडच्या बाईला फार वाईट वाटलं. लाज वाटायला हवी होती घराला, आणि वाटत होती तिला.

तेवढ्यात लेक उठली.

"ही माझी काकू. त्या तापात आई मला स्टुडिओत घेऊन गेली होती. कामातून पळत यायची आणि रंगवलेल्या तोंडाने पट्ट्या बदलायची. ती आत बसलीय. तिला लपवून मला लग्न करायचं नाही." तिने आईला हाताला धरून बाहेर आणलं.

मुलाची आई बघतच राहिली. "अगं बाई, तुम्ही? तुमची मालिका लागल्याशिवाय आमची जेवणं होत नाहीत. परवा मुलाने तुम्हाला घराबाहेर काढलं, तर माझ्या घशाखाली घास उतरेना." एवढं बोलून त्यांनी नवऱ्याला उठायची खूण केली. "पण नटीची मुलगी आमच्यात चालायची नाही. राग मानू नका."

पाहुणे गेले. "झालं समाधान?" दीर कडाडला.

"झालं," लेक म्हणाली. मायलेकी बैठकीतच शेजारीशेजारी बसल्या. आत जायला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या गेल्या नसत्या.

मुलाच्या आईने संध्याकाळी मालिका लावलीच असणार, आणि त्याच आईसाठी पुन्हा डोळे टिपले असणार. वाचकहो, आपणही टिपतो.