झाकणाखालचा फोटो

"बाबा, त्याले हात नका लावू. वायर हलते," गीतांजली टेबलाखालून म्हणाली, आणि सूर्यभानजींनी स्कॅनरच्या झाकणावरचा हात काढून घेतला.

झाकण बोटभर उचलायचं आणि आतला फोटो खिशात घालायचा, एवढंच काम होतं. पण तेही त्यांना जमेना.

घोळ शनिवारी सुरू झाला. घरच्या जुन्या संगणकावर बँकेचं पान उघडेना, म्हणून गीतांजलीनं त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. संगणक तरतरीत झाला, पण स्कॅनर मुका झाला. बटण दाबलं की पडद्यावर एकच वाक्य येई : हे उपकरण ओळखता आले नाही. नव्या सिस्टीमला स्कॅनरशी बोलायला ड्रायव्हर लागतो आणि एवढ्या जुन्या मॉडेलसाठी कंपनीनं तो काढलेलाच नाही, असं तिनं समजावलं. सूर्यभानजींना एवढंच कळलं, की परवापर्यंत चालणारी वस्तू काहीही न मोडता बंद पडली आहे आणि चिडायचं तर कोणावर, हेही ठरत नाही.

आणि पडली तीही नेमकी आत्ता. अमरावतीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचे फोटो तेच स्कॅन करत. चारचौघांत बोलणं त्यांना जमत नसे. मेळाव्यात ते मांडवाच्या मागच्या खुर्चीत बसत. पण पुस्तिकेतले चेहरे स्वच्छ उमटले की आपणही कोणाच्या उपयोगी पडतो असं त्यांना वाटे. पद्धत अशी होती, की मुलीच्या आईनं फोटोच्या मागे कुंकवाचा ठिपका लावून तो स्वतः आणून द्यायचा. काचेवर फोटो पालथा पडे आणि ठिपका झाकणाला टेके. झाकणाची आतली पांढरी बाजू अशा ठिपक्यांनी भरून गेली होती. ती त्यांनी कधी पुसली नाही.

समितीचे जानराव संध्याकाळच्या गाडीनं सगळं घेऊन अकोल्याच्या छापखान्यात जाणार होते. त्यांचे फोनावर फोन येत होते. मोबाईलनं फोटो मारा आणि मोकळे व्हा, असा त्यांचा सल्ला. मागे एकानं तसं केलं होतं, तर निम्म्या पोरींच्या नाकावर ट्यूबलाईट चमकत होती.

झाकणाखालचा फोटो मात्र कोणा आईनं आणून दिलेला नव्हता. तो गीतांजलीचाच होता. या स्कॅनरवर सूर्यभानजींनी पहिला फोटो स्कॅन केला तो हाच. पुढे त्यांच्या पत्नी गोदाबाई वारल्या, त्या वर्षी मुलीनं सांगून टाकलं, "आता माहा फोटो पुस्तकात टाकायचा नाई, बाबा." त्यांनी मान हलवली आणि आजवर शब्द पाळला. पण यंदा पुस्तिकेत पस्तिशीपुढच्यांसाठी वेगळं पान निघालं, आणि त्यांना राहवेना. विचारायचा धीर नव्हता. सकाळी ती बँकेत कामावर गेल्यावर त्यांनी फोटो काचेवर ठेवून पुन्हा एकदा नशीब आजमावलं. पडद्यावर तेच वाक्य आलं, आणि तेवढ्यात फाटक वाजलं. स्कॅनरपायी बापाचा जीव थाऱ्यावर नाही म्हणून मुलगी रजा टाकून परत आली होती.

तेव्हापासून ती खपत होती. वायर बदलून झाली. जुनी सीडी घालून झाली. ती सिस्टीमनं नाकारली. कुठूनसा उतरवलेला ड्रायव्हर अर्ध्यात अडकला. दर खेपेला ती कपाळावर हात मारून घेई आणि दर खेपेला सूर्यभानजींना हायसं वाटे, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटे. चहा करतेस का, असं त्यांनी सुचवून पाहिलं. झाकणावरची धूळ पुसतो म्हणाले. ती जागची हलेना.

"राहू दे न, बाई," ते शेवटी म्हणाले. "जानरावले सांगतो, यंदा जमत नाई म्हनून."

"असं कसं? इंदूबाई भाजीचं दुकान सोडून पोरीचा फोटो द्याले आली होती तुमच्यापाशी." ती पुन्हा पडद्याकडे वळली. "एक प्रोग्राम सापडला हाय. जुन्या स्कॅनरशी तो आपल्याआपन बोलते म्हनतात. हा शेवटचा."

तिनं बटण दाबलं. स्कॅनर कण्हला. झाकणाच्या फटीतून उजेडाची रेघ सरकत गेली.

"चालला, बाबा."

पडद्यावर चित्र वरून खाली उतरू लागलं. आधी भांग, मग कपाळ, मग गोदाबाईंनी हट्टानं घालायला लावलेले मोत्यांचे कानातले. सूर्यभानजी खाली फरशीकडे पाहू लागले.



"फॉर्मात वय काय लिहिलं?" तिनं विचारलं.

"खरंच लिहिलं. अडतीस."

"अन् फोटो सव्वीसचा. लोक फसतीन न, बाबा. नवा कावून नाई काढला?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. तो पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"नव्याच्या मागं कुंकू कोन लावन?"

गीतांजलीनं झाकण उचललं आणि फोटो उलटा केला. आईच्या बोटाचा ठिपका अर्धा झडला होता. उरलेल्यावर तिनं नखसुद्धा लागू दिलं नाही. फोटो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. चित्र जतन करायचं का, असं पडद्यावर विचारलं होतं. तिनं 'नाही'वर क्लिक केलं.

"मले इचारत जा," ती हळूच म्हणाली. मग हात पुढे केला. "द्या, इंदूबाईच्या पोरीचा द्या पयले."

जानरावांची गाडी सुटायच्या आत सगळे फोटो झाले. ते पेन ड्राइव्ह घेऊन गेले. जाताना म्हणाले, यंदाचे लई साफ आले, भाऊ. गीतांजली चहा ठेवायला आत गेली.

सूर्यभानजींनी स्कॅनरचं झाकण पूर्ण उघडलं आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. पुसट झालेले, एकमेकांवर चढलेले कितीतरी ठिपके. चष्मा वर-खाली करून ते एकेक पाहत राहिले. त्यातला गोदाबाईंचा कोणता, हे काही केल्या त्यांना ओळखता येईना.