ओढ्याकाठची अहल्या

चित्रकार बाईंची तऱ्हाच न्यारी. माणसं पुराणातली रंगवायची आणि त्यांना कातडी मात्र रानातली द्यायची. यंदा अहल्येची पाळी होती. नवऱ्याच्या शापाने शिळा झालेली बाई, तर शिळा खरीच हवी. फोटोवरून काढायचं म्हटलं की बाईंच्या कपाळाला आठ्या. ओढ्याकाठी त्यांनी एक खडक हेरला होता. त्याच्या अंगावर दगडफुलाचे करडे-हिरवे चट्टे होते, वर्षाकाठी नखभरसुद्धा न पसरणारे. बाई त्या चट्ट्यांवरून अहल्येची कातडी रंगवत होत्या.

जागा फक्त नवऱ्याला ठाऊक. कुणाला सांगणार नाही, असा त्याने शब्द दिला होता. तो स्टूल उचलून न्यायचा, छत्री धरायचा, हूं की चूं करायचा नाही. म्हणून तर बाईंनी गौतम ऋषी त्याच्यावरूनच काढला होता. शाप देऊन निघून जाणारा नव्हे, शिळेला पाठ टेकून बसून राहिलेला. जाणकारांनी नाकं मुरडली. "माझा नवरा नाही उठून जाणार," बाई ठणकावून म्हणाल्या होत्या.

प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि शेवटच्या चित्रात अहल्येचा गाल तेवढा राहिला होता. पण ओढ्याचं नाव काढलं की नवऱ्याचं काहीतरी निघायचं. कधी गुडघा दुखतोय, कधी वाट निसरडी आहे.

"प्रदर्शन होऊ दे, मग जाऊ निवांत. गाल काय पळून जातोय?"

बाईंनी विश्वास ठेवला. घरच्या माणसावर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

उद्घाटनाच्या सकाळी बाई दालनात शिरल्या आणि जागीच थिजल्या. मधोमध चौथऱ्यावर, दिव्यांच्या झोतात, तोच खडक. घासूनपुसून लख्ख. दगडफूल औषधालाही उरलं नव्हतं.

"कशी वाटली गंमत?" दालनाची मालकीण खुशीत म्हणाली. "कल्पना तुमच्या यजमानांची हो! जागा त्यांनीच दाखवली, क्रेन त्यांनीच ठरवली. काय घाण चढली होती त्यावर! तारेचा ब्रश मारला तेव्हा कुठे निघाली."

दाराजवळच्या पाटीवर बाईंच्या नावाखाली नवऱ्याचं नाव होतं. संकल्पनाकार म्हणून. तो कॉलर नीट करत उभा होता.

"जन्मभर तुझं स्टूलच उचलायचं का मी?" तो म्हणाला. "एकदा माझं नाव लागलं तर कुठं बिघडलं?"

"मागितलं असतंस तर माझ्या नावाच्या वर लावलं असतं. पण तू रोज माझ्या तोंडावर खोटं बोललास."

"अगं, एका दगडासाठी..."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटचा हात फिरवायला आणलेली रंगांची पेटी त्यांनी भिंतीवरच्या शेवटच्या चित्रापुढे उघडली. सगळ्यांना वाटलं, आता गाल पुरा करणार. बाईंनी गाल कोराच ठेवला आणि गौतमाच्या पायांपासून सुरुवात केली. मांडी गेली, टेकलेली पाठ गेली. तिथे ओढ्याची वाट उमटली, रिकामी.

नवरा धावत आला. "अगं, काय करतेस? तो मी आहे!"

"होतास," बाई म्हणाल्या आणि ब्रश चित्रातल्या त्याच्या चेहऱ्याकडे नेला.