वासाआधीचा थेंब

तापातून उठल्यावर तिला इतकंच जाणवलं की जग जरा लांब गेलंय. रंग तेच होते, आवाजही तेच, पण खिडकी उघडली तरी बाहेरचं काही आत येत नव्हतं. तिनं साबण हुंगला, उशी हुंगली, आत्याची शाल नाकाशी धरून बसली. काही नाही. जणू कुणी काचेची पेटी तिच्यावर उपडी घालून निघून गेलं होतं.

ताप गेला म्हणून आत्या इतकी खूश होती की तिला हे सांगणं जिवावर आलं. येईल आपोआप, असं म्हणत तिनं सगळी सुट्टी काढली. वास काही आला नाही, कॉलेज मात्र सुरू झालं.

आणि ती ज्या शाखेला चालली होती, ती निवडली होती वासांच्या वेडापायी. आई-वडील दूरच्या गावी नोकरीला, त्यामुळे ती लहानपणापासून आत्याकडेच वाढली. खाली आत्याची लॉन्ड्री, वर दोघींच्या दोन खोल्या. कुठल्या शर्टावर कसला डाग आहे, हे ती डोळे मिटून सांगायची. "हिचं नाक म्हणजे माझ्या दुकानाचं भांडवल," असं आत्या गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगे. मोठेपणी अत्तरं, साबण, असलं काहीतरी करायचं, हे तिचं कधीचं ठरलेलं. त्यासाठी केमिकल इंजिनिअरिंग शिकतात, असं कळल्यावर तिनं दुसऱ्या कुठल्या शाखेकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पहिल्या वर्षाला शाखेची ओळख करून देणाऱ्या प्राध्यापिकेला वरच्या वर्गातली मुलं बॉयलरबाई म्हणत. अर्धं आयुष्य कारखान्यांत काढलेली बाई. नावावरून वाटावं की गडगडत येतील, पण त्या इतक्या हळू बोलत की पुढचा बाकसुद्धा कान टवकारून बसे.

"आज फळ्यावर काही लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. "चला माझ्याबरोबर."

त्यांनी सगळ्यांना मागच्या उंच हॉलमध्ये नेलं. दुपारचं ऊन वरच्या खिडक्यांतून तिरपं उतरत होतं आणि त्या उन्हात काचेचं एक उपकरण उभं होतं. खाली गोल पोटाचं भांडं, त्यात संत्र्याच्या साली गच्च भरलेल्या. भांड्यातून निघालेली काचेची जाड नळी सरळ वर, पार माळ्याच्या कठड्यापर्यंत गेलेली. तिथं ती वळत होती आणि थंड पाण्याच्या वेटोळ्यांतून खाली येऊन टेबलावरच्या एका छोट्या कुपीत संपत होती.

"खालून वाफ सोडणार आहे," बाई म्हणाल्या. "वाफ सालींमधलं तेल बरोबर घेऊन वर जाईल, पलीकडे थंड होईल आणि कुपीत थेंब पडतील. वास आला की हात वर करायचा. बाकी काही करायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही."

ती सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी एक किडकिडीत मुलगा होता. सारखं पेनाचं बटण दाबत असल्यामुळे सकाळपासूनच त्याचं नाव टिकटिक पडलं होतं. तिनं मनाशी ठरवून टाकलं, टिकटिकनं हात वर केला की आपणही करायचा. निभावून नेऊ.

वाफ सुटली. आधी सालींमधून बारीक बुडबुड आवाज आला, मग भांडं आतून धुरकट झालं. मग नळीच्या बुडाशी एक ओली रेघ दिसली, काकणासारखी गोल. रेघेच्या खाली काच ओली आणि चकचकीत, वर कोरडी. ती रेघ हळूहळू वर चढू लागली.

तिला आजूबाजूचा विसर पडला. रेघ चढत होती, जराशी थांबत होती, पुन्हा चढत होती. थेंब काचेवरून खाली ओघळत आणि खालून येणारी वाफ त्यांना पुन्हा उचलून घेई. ऊन त्या ओल्या काचेत शिरून आतल्या आत हलत होतं. तापात तिला असंच काहीतरी दिसायचं, पाण्याखालून बघितल्यासारखं. पण तेव्हा भीती वाटायची, आता वाटत नव्हती. वरच्या गार काचेपाशी रेघ रेंगाळली, तेव्हा तिचा श्वासही रेंगाळला. मग रेघ वळणावरून पलीकडे उतरली. आता, तिला वाटलं. आता पडेल.

कुपीत थेंब पडला. पाण्यासारखा नाही, किंचित दुधट.

तिचा हात वर गेला होता. तिचा एकटीचाच.

पुढच्या बाकांवरची मुलं मागे वळून बघू लागली. "केवढं लांब नाक," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. टिकटिकनं हवेत नाक फिरवून पाहिलं आणि खांदे उडवले.

"तुला वास आला?" बाईंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. पण ती अजून त्या काचेतून पुरती बाहेर आली नव्हती आणि खोटं बोलायला जरा जागं असावं लागतं.

"नाही," ती म्हणाली. "मला वासच येत नाही. ताप आला होता, तेव्हापासून. थेंब पडला म्हणून हात वर केला."

हसणं विरलं. तेवढ्यात पुढच्या बाकावर एक हात वर झाला, मग त्याच्या मागचा, मग आणखी. वास बाकाबाकानं मागे सरकत होता आणि हात त्याच्याबरोबर उगवत होते. शेवटी टिकटिकचाही हात वर झाला. "संत्रं," तो तिच्याकडे वळून हळूच म्हणाला. "एकदम ताजं. आत्ता सोलल्यासारखं." कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यानं सांगितलं.

बाई मागच्या बाकापाशी आल्या. "थेंब कधी पडणार, ते आधी कळलं होतं?"

"रेघ वर चढत होती ना. वर गेल्यावर मंद झाली."

"का मंद झाली?"

तिनं वर नळीच्या वळणाकडे पाहिलं. "तिथली काच गार आहे. वाफेला आधी काच तापवावी लागते, मगच पुढे जाता येतं."

बाईंनी मान हलवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या, म्हणजे त्यांच्या मानानं मोठ्या आवाजात म्हणाल्या, "कारखान्यात ही नळी पोलादाची असते. आतलं दिसत नाही, आणि हुंगायचं तर नावच काढायचं नाही. बाहेरून हात लावून, आकडे बघून, आत काय चाललंय ते मनात उभं करायचं. तुम्ही जे शिकायला आलात, ते हे."

तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं. आता शाखा बदल म्हणणार, अशी तिला धास्ती वाटली.

"गॅस सुटला तर तुला कळणार नाही," बाई सरळच म्हणाल्या. "प्रयोगशाळेत तू एकटी थांबायचं नाहीस. कधीच. आणि हे तुझ्या जोडीदाराला माहीत पाहिजे."

"म्हणजे मी इथंच राहू?"

"का? कुठं जायचंय?"

दाराशी टिकटिक उभा होता. "जोडीदार मी होईन," तो म्हणाला. "नाहीतरी माझ्या नाकाला दुसरा उद्योग नाही."

संध्याकाळी ती लॉन्ड्रीत शिरली, तेव्हा आत्या इस्त्री करत होती. ओल्या कपड्यांतून वाफ निघून दिव्याभोवती तरंगत होती. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. आत्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे त्या गिऱ्हाइकाच्या कोटाचा रॉकेलचा वास गेला म्हणालीस, ते?"

"अंदाजानं."

"आणि परवाचं करपलेलं दूध मुकाट्यानं प्यायलीस, ते?"

"मला कुठं कळलं."

आत्या हसायला लागली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "अगं, मला नाही सांगायचं तर कुणाला? उद्या दुकान उशिरा उघडू. आधी तुझ्या नाकाचा डॉक्टर गाठू."

मग आत्यानं तिला जवळ ओढून घेतलं. आत्याच्या खांद्याला कसलाच वास नव्हता, पण तो ऊबदार होता आणि वाफेनं किंचित ओलसर झाला होता. तिनं त्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.