बिनलोखंडाचा उजवा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. उजवा. माझा डावा भाऊ इथेच शेजारी असतो, पण तो जन्मापासूनच अबोल, म्हणून दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते. आधीच कबूल करतो, मला थोडा गर्व आहे. तो कशाचा, हे ऐकलंत की तुम्ही मला माफ कराल.

माझ्या अंगात लोखंडाचा एक कणही नाही. तुमच्या पायातले बूट जरा उलटसुलट करून पाहा. नाडीच्या भोकांना कड्या असतात, टाचेत बारीक खिळे असतात, तळव्यात पोलादी पट्टी असते. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या बुटांना तर पंज्यावर पोलादाची टोपीच असते. माझं तसं नाही. माझी नाडी कापडी फासांतून जाते, तळव्यात चिवट फायबर आहे, पुढचं टोक कडक प्लास्टिकचं आहे आणि रबरी तळ जाड दोऱ्यानं शिवलेला आहे. दूरच्या कारखान्यात ज्या बाईनं मला शिवलं, तिनं शेवटचा टाका ओढून दातानं दोरा तोडला होता. ते मला अजून आठवतं.

एवढा गुणी बूट, पण अमरावतीच्या दुकानात मला कोणी हात लावेना. गिऱ्हाइकांना चकाकी हवी असायची आणि मी तर मातीच्या रंगाचा. दुकानदार धर्मेंद्रभाऊ रोज सकाळी फडकं मारायचे आणि मला परत मागे सरकवायचे.

मग एका संध्याकाळी देवीदास आला. त्याच्या हातात धातू शोधणारं लांब दांड्याचं एक यंत्र होतं, खाली ताटलीसारखी चकती असलेलं. आल्या आल्या तो ती चकती एकेका बुटावरून फिरवू लागला. यंत्र किंचाळू लागलं आणि धर्मेंद्रभाऊ गल्ल्यावरून उठले.

"काय भाऊ, बूट घ्याले आले का बॉम्ब शोधाले?"

देवीदास हसला. "माहे आधीचे बूट फॅक्टरीत घालाचे, लोखंडी टोपीवाले होते. पाय पुढं टाकला का यंत्र वाजे. अर्धं वावर खोदलं, तवा समजलं का मी सोताच्याच पायाले शोधून राहिलो."

देवीदास धामणगाव रेल्वेचा. विहिरीवरचे पंप दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. जमिनीत गाडली गेलेली पाण्याची लोखंडी पाइपलाइन हुडकायला त्यानं ते यंत्र घेतलं. मग कुणाची अंगठी वावरात, म्हणजे शेतात, पडली, कुणाचं पैंजण हरवलं, की लोक त्यालाच बोलावू लागले. गुप्तधनाची भाषा करणारेही यायचे. त्यांना तो दारातूनच वाटेला लावायचा.

चकती माझ्यावरून फिरली आणि यंत्र गप्प राहिलं. मित्रांनो, त्या शांततेसारखी शाबासकी मला आजवर दुसरी मिळालेली नाही.

तरी देवीदासनं मला लगेच घेतलं नाही. तो बूट घ्यायला मुद्दाम दिवसभर चालून संध्याकाळी आला होता, कारण तोवर पाय फुगलेले असतात. जाड मोजे घरून आणले होते. मला घालून तो दुकानात येरझाऱ्या घालत राहिला, उकिडवा बसला, पायरी चढला-उतरला. बोटांपुढं अंगठाभर जागा सुटते ना, हेही त्यानं दाबून पाहिलं. ही अंगठाभर जागा लक्षात ठेवा. माझं सगळं रामायण तिच्यातच घडलं.

पुढची वर्षं आम्ही गाजवली! पावसाळ्यात काळी माती अशी चिकटायची की पाय उचलला की अर्धं वावर सोबत यायचं, पण माझा एक टाका सुटला नाही. धारणीकडच्या दगडगोट्यांच्या वाटा तुडवल्या. कौंडण्यपूरच्या जत्रेत नदीकाठच्या वाळूतून एका लेकराच्या पायातलं वाळं शोधून दिलं. तेव्हा पेपरात फोटो आला. देवीदास मागे धूसर दिसत होता आणि मी पुढे ठळक. गल्लीतले लोक मला पाहायला यायचे, हातात घेऊन वाकवायचे, तोंडभरून कौतुक करायचे.

हे कौतुक देवीदासच्या बायकोला, पौर्णिमावहिनींना, काही झेपलं नाही.

"एवढे लोक पाहून राहिले, काई व्हाले नको," असं त्या एकट्याच पुटपुटल्या. घरात बैलाच्या नालेचा एक जुना खिळा होता. नजर लागू नये म्हणून लोखंड जवळ असावं, अशी त्यांची समजूत. त्यांनी तो काळ्या चिंधीत गुंडाळला आणि माझ्या टोकातल्या त्या रिकाम्या जागेत पार आत कोंबला. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो हसला असता, म्हणून सांगितलं नाही.

मी आयुष्यभर बिनलोखंडाचा म्हणून मिरवलो आणि माझ्याच पोटात खिळा! ओरडावंसं वाटलं, पण बुटाला जीभ असते ती फक्त नाडीखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीदासला जवळच्याच एका गावाहून बोलावणं आलं. नत्थुजींच्या वावरात कापसाचा शेवटचा वेचा चालू होता. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई मजूर बायांबरोबर स्वतः वेचायला जायच्या. आदल्या दिवशी पऱ्हाटीच्या झाडांत अडकून त्यांची काळ्या मण्यांची पोत तुटली आणि गळ्यातलं सोन्याचं डोरलं पडलं. बायकांनी शोध शोध शोधलं, पण मिळालं नाही. दुर्गाबाईंच्या शेजारच्या ओळीत गंगूबाई नावाची मजूर बाई होती. कोणी तिला चोर म्हटलं नव्हतं. फक्त त्या सकाळी तिच्याजवळ बसून कोणी भाकर खाल्ली नाही.

आम्ही वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, पोचलो तेव्हा सगळे बाभळीखाली उभे होते. गंगूबाई एकटीच बाजूला होती. देवीदासनं यंत्र सुरू केलं आणि ती सरळ समोर आली. कापूस वेचायची ओटी तिनं झटकून दाखवली, पायातली जोडवी आणि अंगावरचं होतं नव्हतं ते धातूचं काढून ठेवलं, पदराची पिनसुद्धा काढली.

"भाऊ, आधी माह्यावरून फिरवा."

"नाई वो काकू, असं नसते करत. मी वावरात पायतो."

"फिरवा म्हटलं ना! सगळ्याईच्या देखत फिरवा. मले उद्या याच गावात मजुरी कराची हाय."

नत्थुजी खाली पाहत राहिले. दुर्गाबाई काही बोलल्या नाहीत. देवीदासचा नाइलाज झाला. तो उजवा पाय पुढं टाकून वाकला आणि चकती तिच्या पावलांपासून वर नेऊ लागला.

यंत्र किंचाळलं.

मित्रांनो, ते माझ्यामुळं वाजलं होतं! चकतीच्या अगदी जवळ मी होतो आणि माझ्यात तो खिळा होता. पण लोकांना दिसत होती ती गंगूबाई. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. देवीदासचं यंत्र साधं, लोखंड असो की सोनं, त्याचा सूर एकच. त्यानं पुन्हा फिरवलं, ते पुन्हा वाजलं. गंगूबाईनं दोन्ही हात पसरले.

"माह्या आंगावर काईच नाई," ती म्हणाली. "मंग थे कावून वाजून राहिलं?"

तिला उत्तर देऊ शकणारा मी एकटाच होतो आणि मी बूट होतो. त्या क्षणाइतका असहाय मी कधीच नव्हतो. चिखलात रुतलो तेव्हाही नाही.

देवीदास गोंधळला. त्यानं यंत्राची तार तपासली, खिशातली किल्ली काढून धुऱ्यावर ठेवली, तरी तेच. माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही, कारण माझी पारख त्यानं स्वतः केली होती. शेवटी तो दमून मागे सरला आणि चकती सहज हवेत उचलून धरली, तर यंत्र गप्प. खाली आणली, वाजलं. डावा पाय पुढं टाकला, गप्प. उजवा टाकला, वाजलं.

तो खाली बसला. मला काढलं, उलटं करून झटकलं, मग हात थेट टोकापर्यंत घातला. काळी चिंधी बाहेर आली आणि तिच्यातून बैलाच्या नालेचा खिळा.

पुढं काही सांगायची गरजच पडली नाही. वऱ्हाडातल्या बाया त्या. काळी चिंधी दिसताच सगळ्यांना कळलं.

"अवं माय! नजरेचा खिळा होय थो!" एक म्हातारी म्हणाली आणि तिला हसू फुटलं. पण गंगूबाई हसली नाही.

"फिरवा आता परत," ती म्हणाली.

देवीदासनं तशाच एका अनवाणी पायानं उभं राहून चकती तिच्या पावलांपासून डोक्यापर्यंत नेली. यंत्रातून सूर निघाला नाही. वावरात पाखरांचा तेवढा आवाज होता.

मग त्यानं मला पुन्हा पायात घातलं आणि आम्ही दुर्गाबाईंच्या ओळीत शिरलो. आता मी पुन्हा मी झालो होतो. मोडलेल्या पऱ्हाटीची खुटं तळाला टोचत होती, पण देवीदासच्या पायाला मी त्याचा पत्ता लागू दिला नाही. सावकाश, ताटलीभर जागा पुढं, अशी अख्खी ओळ आम्ही पालथी घातली. काळी जमीन थंडीच्या शेवटी उलते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशाच एका भेगेशी यंत्र बोललं. देवीदासनं बांबूच्या कामटीनं माती उकरली. आत, वीतभर खोल, डोरलं पडलं होतं.

दुर्गाबाईंनी ते कपाळाला लावलं आणि रडल्या. मग गंगूबाईजवळ गेल्या. "गंगू, चुकलं वं माह्यं."

"तुमी बोलल्या काई नाई," गंगूबाई म्हणाली, "पण गप तर राहिल्या ना." मग तिनं थांबून दुर्गाबाईंचे डोळे आपल्या पदरानं पुसले. त्याच पदरानं खाली वाकून माझ्यावरची माती पुसली. "हा बी बिचारा माह्यावानीच बदनाम झाला."

पेपरातला फोटो एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. माझा खरा गर्व तो हाच.

घरी देवीदासनं खिळा पौर्णिमावहिनींसमोर ठेवला. त्या जराही डगमगल्या नाहीत. "मंग? डोरलं सापडलं का नाई?" असं विचारून त्यांनी खिळा उचलला आणि तो दाराच्या चौकटीवर ठोकून टाकला. देवीदास कपाळावर हात मारून हसला.

पुढं माझा तळ झिजला. देवीदासनं नवे बूट आणले, मला साक्षीला शेजारी ठेवून तपासले. मी सांदीत पडलो. कोळ्यानं माझ्यात जाळं केलं. मला वाटलं, संपलं आता. पण एक दिवस गंगूबाई दारात आली. "जुने बूट हायेत का भाऊ? खुटं लय टोचतात." देवीदासनं अकोल्याला जाऊन आम्हा दोघांना नवा तळ शिवून आणला. आधीच बजावलं होतं, म्हणून चांभारानं एकही खिळा मारला नाही.

आता मी गंगूबाईच्या पायात असतो, लुगड्याच्या काठाखाली. आधी बाया हसल्या. या वर्षी त्यांतल्या दोघींनी बूट घेतले.

मित्रांनो, तुम्हीही बूट घ्याल तेव्हा चकाकीवर जाऊ नका. घालून चाला, बसा, टाके पाहा आणि जुने झाले तर फेकण्याआधी एकदा चांभाराला दाखवा. आणि कधी तुमचं यंत्र कुणासमोर वाजलं, तर त्या माणसाकडं पाहण्याआधी आपला बूट काढून झटका.

गंगूबाईचं पाऊल लहान आहे, त्यामुळं माझ्या टोकात आता अंगठ्याहून जास्त जागा उरते. तिनं तिथं कापूस भरला आहे. पहिल्या वेच्याचा, मऊ. जिथं तो खिळा होता, अगदी तिथंच.