सिनेमात उतरलेला विळा

मित्रांनो, विळ्याला भीती वाटते असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. पण मी एक जुना विळा आहे आणि जन्मापासून भित्रा आहे. 'विळ्या-भोपळ्याचं सख्य' अशी आमच्या नावानं एक म्हण तुमच्या पुस्तकात आहे. ती साफ खोटी आहे. मी आजवर एकाही भोपळ्याशी भांडलेलो नाही. माणसांच्या मनातलं मात्र फार जवळून पाहिलं, आणि एके दिवशी माझी धार एका बाईच्या मानेला टेकली. ती हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

मी ट्रकच्या मोडक्या कमानीपासून, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून जन्मलो. इंद्रवेल्लीच्या बाजारात एक लोहार पाल टाकून बसायचा. त्यानं कमानीचा तुकडा भट्टीत लाल केला आणि ऐरणीवर ठेवून बडवला. प्रत्येक घावाला मला वाटायचं, आता मी मेलो. मग त्यानं मला पाण्यात बुडवलं तेव्हा मी असा काही किंचाळलो की शेजारच्या पालाखालचं कुत्रं उठून गेलं. पाठीला बाक आला, पोटाला धार आली, बाभळीची मूठ बसली. एवढं सगळं होऊनही धीर काही आला नाही. तो भट्टीत मिळत नसावा.

त्याच बाजारात गयाबाईनं मला उचललं. अंगठ्यानं धार पाहिली, हातात तोलून पाहिलं आणि म्हणाली, "हा इळा माया हाताचा हाय." त्याला आता वीस वर्षं झाली. तिच्या हातात मी किती ज्वारी कापली याचा हिशेब नाही. ती मला दगडावर पाणी शिंपडून पाजवायची आणि काम संपलं की पदरानं पुसून ठेवायची. तिचा अंगठा जिथं टेकायचा तिथं बाभळीला खळगा पडला. एकदा घाईत माझ्यामुळे तिची करंगळी कापली. रक्त पाहून मला वाटलं, आता ही मला विहिरीत फेकणार. तिनं जखमेत हळद भरली, चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला लागली. माणसाचं रक्त परत अंगाला लागू नये, एवढंच मी त्या दिवसापासून देवाकडे मागत आलो.

गयाबाई ज्या घरात आणि शेतात राबायची ते शरदचंद्र सरांचं. बाजारहत्नूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांचं शेत आहे. सर कॉलेजातून निवृत्त झाले आणि त्यांच्या पत्नी वनमालाबाई शाळेतून. दहा वर्षांपूर्वी दोघं आदिलाबाद सोडून शेतातल्या नव्या स्लॅबच्या घरात राहायला आले. माणसं वाईट नव्हती. दिवाळीला गयाबाईला साडी मिळायची, ताप आला तर गोळी मिळायची. फक्त चहा ती मागच्या पायरीवर बसून प्यायची. दहा वर्षांत 'आत बस' असं तिला कुणी म्हणालं नाही.

तिची एकुलती एक मुलगी रंजीता. ती इंटरला, म्हणजे बारावीला, चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला नर्स व्हायचं होतं. मंचेरियलच्या एका नर्सिंग कॉलेजाचा अर्ज वनमालाबाईंनीच भरून दिला. गयाबाईचा मोबाइल तेव्हा बिघडलेला, म्हणून अर्जावर नंबरही त्यांनी आपलाच घातला. मायलेकी रोज विचारायच्या, "बाई, फोन आला का?" आणि बाई नकारार्थी मान हलवायच्या. कापूस वेचणीचे दिवस होते. दोघी दिवस उगवायच्या आत शेतात जायच्या. फोन काही आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात रंजीताचं लग्न झालं, आणि आता ती सासरच्या गावी लोकांच्या शेतात मजुरीला जाते. गयाबाई म्हणायची, "नशिबातच नव्हतं." मीही तेच धरून चाललो होतो.

गेल्या दसऱ्याच्या आधी सरांची मुलगी वल्लरी हैदराबादहून आली. ती सिनेमा शिकलेली. सोबत तिचा मित्र पियुष होता, आणि चार दिवसांसाठी मागून आणलेला कॅमेरा. तिची गोष्ट अशी होती: एक मालकीण आणि एक मोलकरीण. मालकीण तिला जन्मभर पायरीवर ठेवते, आणि शेवटी मोलकरीण मालकिणीचा गळा चिरते.

"शेवट पाहून लोक हादरले पाहिजेत," वल्लरी म्हणाली.

सरांनी त्यावर गरीब-श्रीमंतांच्या झगड्याबद्दल अर्धा तास भाषण केलं. तेवढ्यात गयाबाईनं सगळ्यांना चहा दिला आणि आपला कप घेऊन ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मालकिणीचं काम वनमालाबाईंना मिळालं, मोलकरणीचं गयाबाईला, आणि हत्याराचं मला. मी तेव्हाच गळाठलो.

गयाबाईला वाचता येत नाही. म्हणून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वल्लरीनं तिला पडवीत बसवून संवाद वाचून दाखवले. गयाबाई माझ्यानं गाईसाठी धाटं तोडत ऐकत होती. वनमालाबाई खुर्चीत बसल्या होत्या. शेवटच्या प्रसंगात मालकीण म्हणते, "तुझ्या पोरीच्या कॉलेजाचा फोन आला होता. मीच सांगितलं नाही. ती गेली असती तर माझा कापूस कुणी वेचला असता?"

माझं पातं अर्ध्या धाटात थांबलं.

"हे तुमी मनानं लिवलं का, ताई?" गयाबाईनं विचारलं.

"नाही, आईनंच सांगितलं होतं मागं एकदा," वल्लरी सरळपणे म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

वनमालाबाई उठल्या. "दूध उतू जाईल," म्हणाल्या आणि आत गेल्या. चुलीवर दूध नव्हतं. वल्लरीनं एकदा आईच्या पाठीकडे पाहिलं, एकदा गयाबाईकडे पाहिलं आणि हातातले कागद गोळा केले. गयाबाईनं उरलेली धाटं तोडली, पण मूठ अशी आवळली होती की बाभळीचं लाकूड करकरलं. एवढ्या वर्षांत तिनं मला असं कधी धरलं नव्हतं. मला तिची भीती वाटली, मित्रांनो. जिच्या हातात मी म्हातारा झालो, तिची.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात आणि दिवसभर कुणी चालवत नाही. तो आमचा सुटीचा दिवस. गयाबाईनं वल्लरीला तसं सांगितलंही. "ताई, आज हत्यार चालवत नसतात."

"खरं कुठं चालवायचंय?" वल्लरी म्हणाली. "कॅमेरा आज संध्याकाळी परत द्यायचाय. आणि पियुषनं रबराचा विळा केलाय."

खरंच केला होता. तोच बाक, तीच मूठ, मुठीवरचा खळगासुद्धा रंगवलेला. मला एकदम जुळा भाऊ मिळाला, आणि तोही माझ्या जागी उभा राहायला तयार. माझा जीव भांड्यात पडला. पियुषनं आम्हा दोघांना पडवीतल्या पाटावर शेजारी ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, "पूजेचं कुंकू लागलंय तो खरा. कुंकू दिसलं का हात नाई लावायचा. बिनकुंकवाचा रबराचा." एवढं सांगून तो उजेडासाठी पांढरी चादर धरायला गच्चीवर गेला.

त्याचं सांगणं ठीक होतं. पण गयाबाईची सासू प्रयागबाई तेव्हा तिथं नव्हती. ती दुपारी पुरणाचा नैवेद्य घेऊन आली, पाटाशी वाकली आणि पाहते तर एका विळ्याच्या कपाळी कुंकूच नाही. "याले काऊन उपाशी ठेवलं गं बाई?" असं पुटपुटत तिनं रबराच्या विळ्यालाही हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि घरी निघून गेली. सणाच्या दिवशी एक हत्यार पूजेवाचून ठेवलेलं तिला कसं पाहवेल? मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. पण लोखंडाचं कोण ऐकतं?

ऊन उतरायला लागलं तशी वल्लरी धावत आली. दोघांना कुंकू पाहून ती क्षणभर थांबली. पियुषला हाक मारायला हवी होती. पण उजेड जात होता. तिनं ओल्या फडक्यानं दोघांना पाटावरच घाईघाईत पुसलं, अंदाजानं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "गयाबाई, हा घ्या."

गयाबाईनं मला उचललं आणि तिला लगेच कळलं. वीस वर्षांचं वजन हात विसरत नाही. तिचा अंगठा खळग्यात आपसूक बसला. मी वाट पाहत होतो की ती म्हणेल, 'ताई, हा खरा हाय.' ती म्हणाली नाही. तिनं मला तेलाच्या वाटीजवळ ठेवलं आणि वनमालाबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

प्रसंग असा होता की मोलकरीण मालकिणीच्या डोक्याला तेल लावतेय. बाईंचे केस मोकळे, मान उघडी. वल्लरीनं खूण केली. गयाबाईची बोटं केसांतून फिरू लागली. बाईंनी ते वाक्य म्हटलं. तालमीत त्या अर्धं गिळायच्या, पण या वेळी सबंध म्हणाल्या. कॅमेरा चालू होता, थांबता येत नव्हतं.

लिहिलेल्या संवादात गयाबाईला उत्तराचं वाक्य नव्हतं. तरी ती बोलली. आवाज चढवला नाही.

"बाई, मले सांगतलं असतं, तं पोरगीले मी सकाळच्या गाडीत बसवून आली असती. अन् कापूस मी एकटीनं येचला असता. सगळा. तुमचं एक बोंड वाया जाऊ दिलं नसतं."

आणि तिनं मला उचलून बाईंच्या मानेला लावलं.

रबर असं गार लागत नाही. वनमालाबाईंना ते त्याच क्षणी समजलं. त्यांचे डोळे विस्फारले. तेलानं निसरड्या झालेल्या त्या मानेतली शीर माझ्या पात्यावर टकटक उडत होती. तिकडे वल्लरी कॅमेऱ्यामागून कुजबुजत होती, "सुंदर. चालू राहू द्या."

"हालू नका बाई," गयाबाई त्यांच्या कानाशी म्हणाली. "धार हाय."

मित्रांनो, ज्वारीचं धाट कापायच्या आधी गयाबाईचं मनगट किंचित आत वळतं. जगात ते फक्त मला ठाऊक आहे. ते वळलं की पुढे काय होतं हे मी हजारो वेळा पाहिलंय. तेव्हा ते वळलं. मी डोळे मिटले असते, पण विळ्याला डोळे मिटता येत नाहीत.

मग ते थांबलं. तिनं मला बाजूला केलं, जपून खाली ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून फरशीवर बसली. तेलाचे हात ती पदराला पुसत राहिली. वल्लरीनं टाळ्या वाजवल्या. पियुष गच्चीवरून खाली आला, पाटावरचा विळा त्यानं सहज उचलला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. रबराचा विळा त्याच्या हातात वाकला होता.

वनमालाबाई मान चाचपत म्हणाल्या, "गयाबाई, आत येऊन बसा. खुर्चीवर बसा."

"आता नाई बसत, बाई," गयाबाई म्हणाली आणि चप्पल घालू लागली. सर म्हणाले, "अगं, तुझा विळा तरी घेऊन जा." ती दारात थांबली. माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या सर. माया हाताचाच मले भरवसा नाई राह्यला."

सिनेमा पुरा झाला. आदिलाबादच्या एका सभागृहात तो दाखवला तेव्हा शेवटाला लोक श्वास रोखून बसले, असं वल्लरी फोनवर कुणाला तरी सांगत होती. मानेवरच्या त्या क्षणानंतर तिनं पडदा लाल करून टाकला आहे. कुणी तरी वनमालाबाईंना म्हणालं, "भीतीचा अभिनय फार खरा केलात." त्या तशाच उठून घरी आल्या. त्यांनी मला कपाटात कुलूप लावून ठेवलंय. कधी कधी भर दुपारी कुलूप काढतात, मी जागेवर आहे ना ते पाहतात आणि परत लावतात. मी त्यांना घाबरतो आणि त्या मला. माझ्यावर गंज चढू लागला आहे.

जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, त्यांना अडगळीत टाकू नका, असं सांगून आम्ही वस्तूंनी निरोप घ्यायचा असतो. तेल लावाल तर बरंच आहे. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी राबणाऱ्या कुणाचा निरोप तुमच्याकडे आला असेल, तर तो त्याच दिवशी त्याच्या हाती द्या. तुमची वेचणी असो, लग्न असो, काही असो. गयाबाईचं मनगट थांबलं. प्रत्येक मनगट थांबेलच असं मी, एक विळा, तुम्हाला सांगू शकत नाही.

गयाबाई आता रंजीताच्या गावी असते. दोघी मिळून लोकांचा कापूस वेचतात. कापसाला विळा लागत नाही, तो हातानंच वेचतात.