मास्तरांचा कुडता आणि मी

मी एक जुना पडदा आहे. आता एका मोठ्या दालनाच्या भिंतीवर टांगलेला असलो आणि लोक माझ्यासमोर मान वाकडी करून उभे राहत असले, तरी माझं मूळ मी विसरलेलो नाही. मित्रांनो, माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानातल्या हिरव्या जाड कापडाच्या उरलेल्या तुकड्यातून झाला. कोपऱ्यात, कपडे घालून बघायच्या जागेपुढे मला लावलं होतं. माझ्याआड कितीजणांनी पोट आत ओढून आरशात पाहिलं, ते मी कुणाला सांगितलं नाही. पडद्यानं चुगल्या करू नयेत, एवढं शिक्षण मला आहे.

दुकान मास्तरांचं. ते कापायचे, मशीनवर काकू बसायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. मास्तरांच्या हातात जादू होती, पण तोंडात एकच शब्द: "उद्या!" गिऱ्हाईक ओरडो, रडो, मास्तर कानामागचा खडू काढत हसून म्हणायचे, "उद्या नक्की." सगळ्या गल्लीचे कपडे शिवले, पण बायकोच्या कुडत्यालाही उद्याच. काकू म्हणायच्या, "माझा उद्या काही या जन्मात उजाडत नाही!"

पण तो उजाडला. एका दुपारी दुकान अर्धं बंद करून मास्तरांनी काकूंचं माप घेतलं आणि निळा कुडता स्वतः कापून, मशीन न वापरता सगळा हातानं शिवला. काकू माझ्याआड तो घालून आरशासमोर उभ्या राहिल्या नि लाजल्या. ते लाजणं फक्त मी पाहिलं आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तर गेले. छातीत कळ आली, बस्स. दुकान विकलं, मशीन विकलं, मला घडी घालून कपाटात ठेवलं. काकूंनी सुईला हात लावायचा सोडला. तुटलेलं बटणसुद्धा शेजारणीकडून लावून घ्यायच्या, आता बोला!

त्यांची नणंद मात्र गप्प बसणारी नव्हती. जवळच बायका जमून जुन्या कापडावर आपापल्या आयुष्याची गोष्ट टाक्यांनी काढत. तिनं कपाटातून मला ओढलं आणि काकूंना हाताला धरून तिकडे नेलं.

"मला मशीन येतं, गोष्टीबिष्टी नाही," काकू कुरकुरल्या. "आणि माझा कसला आलाय प्रवास? घर ते दुकान, दुकान ते घर."

त्या बायकांचा वर्ग चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "मग तेच काढा की."

काकूंनी सुईत दोरा ओवला. साध्या धावदोऱ्याची वाट माझ्या अंगावर उमटली. मग घराचं दार आलं, मशीन आलं, मीसुद्धा आलो, कोपऱ्यात लोंबणारा एवढासा पडदा. स्वतःला स्वतःच्याच अंगावर बघताना मला भारी गंमत वाटली. फक्त कापायच्या टेबलामागची जागा रिकामी राहिली.

"वहिनी, दादा कुठाय?" नणंद विचारायची.

"उद्या काढते."

एके दिवशी काकू तो निळा कुडता घालून आल्या, मला मांडीवर पसरलं आणि मास्तर काढायला लागल्या. गळ्यातली टेप आली, कानामागचा खडू आला, ओठांच्या कडेचं ते हसू आलं. अगदी तेच! काकूंची मान वर होत नव्हती. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "चहा झाला!" काकू उठल्या आणि त्यांच्यासोबत मीही उठलो. त्यांनी मला कुडत्यासकट शिवून टाकलं होतं!

सगळ्या बायका खो खो हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्या पांढऱ्याफटक पडल्या, कारण मास्तरांच्या हातचा तो एकुलता एक कुडता होता.

"वहिनी, टाके उसवा. परत काढाल," नणंद हळूच म्हणाली.

"यांना उसवू?" काकूंचा आवाज फुटला. "आत्ता कुठे आलेत गं ते. द्या ती कात्री."

"अहो, कुडता दादाच्या हातचा ना?"

"म्हणून तर. त्यांच्या पाठीशी त्यांचंच काम राहू दे."

काकूंनी कात्री चालवली, काप सरळ गेला. मास्तरांच्या मागे निळा तुकडा कायमचा राहिला आणि कुडत्याला गुडघ्याजवळ भोक पडलं. काकू भोकाकडे बघत राहिल्या आणि एकदम त्यांना हसू फुटलं. "आयुष्यभर लोकांना शिवलं, आणि शेवटी स्वतःलाच शिवून बसले!" हसता हसता त्या रडल्या, नणंदेच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी माझाच एक कोपरा कापला आणि कुडत्याला ठिगळ लावलं. मला दुखलं का? छे! मला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता.

आज त्या बायकांच्या कामाच्या प्रदर्शनात लोक विचारतात, या पडद्याचा कोपरा कुठे गेला? तो समोरच उभा आहे, काकूंच्या गुडघ्यापाशी. मी कोपऱ्याकडे बघतो, निळा कुडता माझ्या पाठीमागचा आपला तुकडा शोधतो. आमचं बरं चाललंय.

मित्रांनो, माझी एकच विनंती. घरातलं जुनं कापड पोतेऱ्याला घेण्याआधी आई, आत्या, आजोबा, जे कुणी गप्प गप्प असतील, त्यांच्या मांडीवर ठेवून बघा. सोबत सुईदोरा द्या आणि थोडा वेळ जवळ बसा.

काल ताईंनी विचारलं, "काकू, आता पुढचं कधी?"

काकूंनी कानामागे खडू असल्यासारखा हात नेला आणि हसून म्हणाल्या, "उद्या नक्की."

आणि आज सकाळी प्रदर्शन उघडलं, तेव्हा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून काकू उशीच्या जुन्या अभ्र्यावर पहिला टाका घालत होत्या.